विहिरीतले नायट्रेट कोणाचे? स्थिर समस्थानिकांच्या प्रयोगशाळेत माग कसा लागतो

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशातील ज्या पंधरा जिल्ह्यांची नावे नायट्रेटच्या आधिक्यासाठी वेगळी काढून दिली, त्यांपैकी सात महाराष्ट्रातील आहेत. वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे ते सात जिल्हे होत. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे भारतीय मानक सांगते. महाराष्ट्रातून तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडली होती. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती अशा पाण्याने कमी होते व अंग निळसर पडते, हे वैद्यकशास्त्राला गेली सत्तर-ऐंशी वर्षे ठाऊक आहे.

पण हे नायट्रेट आले कोठून? कपाशीला आणि गव्हाला टाकलेल्या युरियातून, गोठ्यामागच्या उकिरड्यातून, की घरोघरी झालेल्या शौचालयांच्या शोषखड्ड्यांतून? साधी रासायनिक तपासणी नायट्रेट किती आहे एवढेच सांगते; ते कोणाचे आहे हे सांगू शकत नाही. युरियातून आलेला आणि शेणातून आलेला नायट्रेटचा रेणू रासायनिकदृष्ट्या अगदी एकच असतो. आणि उपाय तर उगमावरच अवलंबून असतो. युरिया कारणीभूत असेल तर शेतीच्या पद्धतीत बदल करावा लागेल. शोषखड्डा असेल तर ग्रामपंचायतीला सांडपाण्याचा विचार करावा लागेल. चुकीच्या माणसाला दोष देऊन पाणी शुद्ध होत नाही. हा प्रश्न सोडवण्याचे एक साधन म्हणजे स्थिर समस्थानिकांचे मापन. ते जेथे होते त्या प्रयोगशाळेची, तेथील यंत्रांची आणि पद्धतींची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

जड भाऊ आणि हलके भाऊ

एकाच मूलद्रव्याच्या अणूंमध्ये प्रोटॉनांची संख्या सारखी, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असू शकते. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. कार्बन-१४ सारखे काही समस्थानिक किरणोत्सर्गाने क्षय पावतात. काही मात्र कायमचे टिकून राहतात. ते स्थिर समस्थानिक. निसर्गातील कार्बनात सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि १.१ टक्के कार्बन-१३ असतो. नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ चे प्रमाण जेमतेम ०.३७ टक्के, ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८ चे ०.२ टक्के. हायड्रोजनचा जड भाऊ ड्यूटेरियम तर समुद्राच्या पाण्यात साधारण साडेसहा हजारांत एक सापडतो. हॅरल्ड युरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला आणि १९३४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या संपूर्ण विद्याशाखेचा पाया असलेला, समस्थानिकांच्या ऊष्मागतिकीवरील निबंधही युरी यांचाच, १९४७ सालचा.

जड आणि हलका अणू रासायनिक क्रियांत एकसारखे वागतात, पण अगदी तंतोतंत नव्हे. पाण्याची वाफ होताना हलके रेणू थोडे आधी निसटतात व जड रेणू मागे रेंगाळतात. जिवाणू नायट्रेट खातात तेव्हा हलके रेणू आधी फस्त होतात. या वाटणीमुळे प्रत्येक उगमावर एक ठसा उमटतो. फरक इतका सूक्ष्म असतो, की तो टक्क्यांत नव्हे तर हजारांशांत मोजावा लागतो. नमुन्यातील जड-हलक्याचे गुणोत्तर एखाद्या मान्य प्रमाण पदार्थाच्या तुलनेत हजारामागे किती अधिक किंवा उणे आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे डेल्टा मूल्य. उणे आकडा म्हणजे नमुना प्रमाणाहून हलका, अधिक म्हणजे जड. प्रयोगशाळेतला सारा खटाटोप या एका आकड्यासाठी चालतो.

नायट्रोजनपुरते पाहू. कारखान्यात युरिया तयार होतो तो हवेतल्या नायट्रोजनपासून. म्हणून त्याचे डेल्टा मूल्य हवेच्या जवळपास, म्हणजे उणे चार ते अधिक चार यांच्या दरम्यान पडते. शेण, मूत्र आणि मैला यांतून अमोनिया उडून जातो. उडताना हलका नायट्रोजन अधिक नेतो. मागे उरलेल्याचे मूल्य चढत जाऊन साधारण दहा ते वीसपर्यंत पोहोचते. जमिनीत मुळातच असलेल्या सेंद्रिय नायट्रोजनचे मूल्य सहसा तीन ते आठ. आकडे पाहून वाटते, की प्रश्न चुटकीसरशी सुटला. तसा तो सुटत नाही, आणि का सुटत नाही हे पुढे येईलच.

यंत्राच्या पोटात

या प्रयोगशाळेचे हृदय म्हणजे समस्थानिक गुणोत्तर मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर. मराठी परिभाषेत त्याला वस्तुमान वर्णपटमापक म्हणता येईल. प्रयोगशाळेत मात्र सारे त्याला ‘मास स्पेक’ म्हणतात. जे. जे. थॉमसन यांनी १९१३ मध्ये निऑनचे दोन प्रकार वेगळे दाखवले. फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी हे तंत्र पुढे नेले आणि १९२२ चे नोबेल मिळवले. आज विद्यापीठांत दिसणाऱ्या यंत्राचा आराखडा मुख्यतः अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातील आल्फ्रेड नीर यांचा, १९४० च्या दशकातील.

तत्त्व सोपे आहे. नमुन्यापासून कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हायड्रोजन यांसारखा साधा वायू तयार करायचा. तो निर्वात कोठडीत सोडून, तापलेल्या तंतूतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा त्यावर मारा करायचा, म्हणजे रेणू विद्युत्भारित होतात. काही हजार व्होल्टच्या दाबाने त्यांना पुढे ढकलायचे आणि विद्युत्चुंबकाच्या क्षेत्रातून वळवायचे. हलके आयन अधिक वळतात, जड कमी. वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे आयन शेवटी एका ओळीत बसवलेल्या धातूच्या पेल्यांत पडतात. कार्बन डायऑक्साइडसाठी ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे तीन पेले असतात व तिन्हींतील विद्युत्प्रवाह एकाच क्षणी मोजले जातात. हे ‘एकाच क्षणी’ महत्त्वाचे. कारण तंतूची उष्णता, दाब, वीज यांत काही चढउतार झाला तर तो तिन्ही पेल्यांना सारखाच लागू होतो आणि गुणोत्तर काढताना बव्हंशी नाहीसा होतो.

येथे एक गंमत आहे. ४५ वस्तुमानाचा कार्बन डायऑक्साइड म्हणजे बहुतांशी कार्बन-१३ असलेला रेणू. पण ऑक्सिजन-१७ असलेल्या रेणूचेही वस्तुमान ४५ च भरते. यंत्राला हा भेद कळत नाही, तो गणिताने वजा करावा लागतो. ही दुरुस्ती हार्मन क्रेग यांनी १९५७ मध्ये मांडली. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे नायट्रस ऑक्साइडचीही वस्तुमाने ४४, ४५, ४६ हीच असतात! नायट्रेटच्या तपासणीत याच वायूशी गाठ असल्याने, त्यात कार्बन डायऑक्साइडचा लवलेश राहिला तरी निकाल बिघडतो.

वायू आत सोडण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत दुहेरी प्रवेशाची. एका बाजूला नमुन्याचा वायू, दुसऱ्या बाजूला संदर्भ वायू. केशनलिकांतून ते आळीपाळीने यंत्रात जातात व प्रत्येक फेरीत दोघांची तुलना होते. या रीतीने हजारामागे काही शतांशांपर्यंतचा फरक निश्चित करता येतो. नवी रीत सलग प्रवाहाची. हेलियमच्या प्रवाहावर स्वार होऊन नमुन्याचा छोटासा वायूचा ठोका यंत्रापर्यंत येतो. अचूकता थोडी कमी, पण नमुना अगदी अल्प लागतो आणि रात्रभर यंत्र एकटे शे-सव्वाशे नमुने हाताळते. आज बहुतेक काम या दुसऱ्या रीतीने होते. भारतात हेलियम आयात करावा लागतो, आणि जगात त्याची टंचाई झाली की प्रयोगशाळांचे वेळापत्रक कोलमडते, ही या सोयीची दुसरी बाजू.

घन पदार्थांसाठी यंत्राला मूलद्रव्य विश्लेषकाची जोड दिलेली असते. हळदीची पूड असो, मातीचा कण असो की केसाचा तुकडा, मिलिग्रॅमच्या आसपासचा नमुना कथिलाच्या चिमुकल्या पुडीत बांधतात. पुडी हजार अंशांच्या भट्टीत प्राणवायूबरोबर पडताच कथिल भडकते आणि क्षणभर उष्णता १,८०० अंशांच्या घरात जाते. जळून निघालेले वायू तांब्याच्या नळीतून, मग पाणी शोषणाऱ्या सापळ्यातून जातात. एका लांब स्तंभिकेत नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होऊन एकामागोमाग एक यंत्रात शिरतात. अशी पुडी बांधणे हे विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे पहिले आणि सर्वांत कंटाळवाणे काम. तेथे बोट लागले तर निकालात माणसाच्या घामाचा नायट्रोजन मोजला जातो.

याशिवाय अशा प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांची, तोट्यांची आणि सापळ्यांची एक निर्वात मालिका भिंतीलगत उभी असते. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने कार्बन डायऑक्साइड गोठवायचा, कोरडा बर्फ आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाने पाण्याची वाफ अडवायची, न गोठणारे वायू पंपाने ओढून टाकायचे, हे येथे हाताने करावे लागते. नव्या स्वयंचलित जोडण्यांनी ही मालिका पुष्कळ ठिकाणी अडगळीत गेली. तरी जे तिच्यावर शिकले त्यांना यंत्राच्या आत काय चालले आहे ते चटकन कळते, असा जुन्या संशोधकांचा अनुभव आहे आणि तो खरा मानायला हरकत नाही.

पाण्याची जन्मपत्रिका

नायट्रेटचा माग काढण्यापूर्वी पाण्याचाच माग काढावा लागतो. विहिरीत आलेले पाणी थेट पावसाचे, की बंधाऱ्यात साठून मुरलेले, की कालव्याचे?

क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या पाण्याचे नमुने तपासून दाखवले, की पावसाच्या पाण्यात ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ यांचे नाते जवळजवळ सरळ रेषेचे असते: ड्यूटेरियमचे डेल्टा मूल्य म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या डेल्टा मूल्याची आठपट अधिक दहा. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामानशास्त्र संघटना यांनी पावसाचे नमुने जमवण्याचे जागतिक जाळे सुरू केले. आरंभीच्या काळात मुंबईचे नमुनेही त्यात होते. विदर्भावर अरबी समुद्राकडून व बंगालच्या उपसागराकडून अशी दोन्ही बाजूंनी बाष्पे येतात, आणि पाऊस जितका जोरदार तितका तो हलका, असा उष्ण कटिबंधातला सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे वर्ध्यात जूनचा पाऊस आणि सप्टेंबरचा पाऊस एकाच मूल्याचा असेल असे गृहीत धरता येत नाही. ऋतूभर पाऊस गोळा करूनच स्थानिक रेषा आखावी लागते.

आता बोर धरणाचा जलाशय, निम्न वर्धा प्रकल्पाचे पाणी किंवा एखाद्या नाल्यावरचा सिमेंट बंधारा घ्या. उघड्या पाण्याचे बाष्पीभवन होते, जड रेणू मागे राहतात आणि बिंदू पावसाच्या रेषेवरून खाली सरकून चार ते सहा चढाच्या दुसऱ्या रेषेवर येतात. शेजारच्या विहिरीतील पाण्यात हा बाष्पीभवनाचा ठसा दिसला तर साठलेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचले असे म्हणता येते. किती हिस्सा पोहोचला याचाही अंदाज करता येतो. जलसंधारणावर राज्यात इतका पैसा खर्च झाला. २०२० च्या अहवालात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी जलयुक्त शिवार योजनेच्या भूजलावरील परिणामाबद्दल शंका उपस्थित केली. त्यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने वाद झाले. बंधाऱ्याच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या चार-चार बाटल्या अशा वादात हजार भाषणांपेक्षा अधिक बोलू शकतात. अर्थात ही पद्धतही सर्वज्ञ नाही. ऐन पावसाळ्यात, बाष्पीभवन होण्यापूर्वीच मुरलेल्या पाण्यावर ठसा उमटलेला नसतो. म्हणून ऑक्टोबरपासून पुढे दर पंधरवड्याला नमुने घेणे शहाणपणाचे. वर्ध्याच्या बेसाल्टी खडकात पाणी झिजलेल्या थरातून आणि भेगांतून वाहते. पन्नास मीटरवरच्या दोन विहिरींचे पाणी वेगवेगळ्या भेगांचे असू शकते, हेही विसरता येत नाही.

पाणी मोजण्याची जुनी पद्धत एपस्टाइन आणि मायेडा यांची, १९५३ ची. पाण्याचे ऑक्सिजन-१८ थेट मोजत नाहीत. अर्धा मिलिलिटरहून कमी पाण्यावर कार्बन डायऑक्साइड सोडून बंद बाटली २५ अंशांवर ठेवतात. अठरा ते चोवीस तासांत वायूतील ऑक्सिजन पाण्यातील ऑक्सिजनशी समतोल साधतो. मग वायू मोजला की पाणी कळते. ड्यूटेरियमसाठी हायड्रोजन वायू आणि प्लॅटिनमचा उत्प्रेरक लागतो. तेथे तासाभरात काम होते. तापमान एका अंशाने हलले तर ऑक्सिजनचे मूल्य हजारामागे सुमारे दोन दशांशाने सरकते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि वीज जाते. अशा गावात ही प्रयोगशाळा उभारायची तर यंत्रापेक्षा वातानुकूलन आणि अखंड वीजपुरवठा यांचीच चिंता अधिक.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लेसर वर्णपटमापक बाजारात आले आणि पाण्याच्या कामाचे स्वरूपच बदलले. पोकळीच्या टोकांना बसवलेल्या अत्यंत परावर्ती आरशांमध्ये लेसरचा किरण हजारो वेळा ये-जा करतो. वीतभर पोकळीत त्याचा प्रवास कित्येक किलोमीटरचा होतो आणि वाफेतल्या जड व हलक्या रेणूंनी शोषलेला प्रकाश वेगवेगळा मोजता येतो. हे यंत्र टेबलावर मावते, मास स्पेकच्या तुलनेत बरेच स्वस्त पडते आणि ड्यूटेरियम व ऑक्सिजन-१८ एकदमच देते. दोष दोन. मागच्या नमुन्याची ‘आठवण’ यंत्रात रेंगाळते, म्हणून एकेक नमुना पाच-सहा वेळा टोचून पहिली दोन-तीन मापने टाकून द्यावी लागतात. शिवाय पाण्यात क्षार किंवा सेंद्रिय द्रव्ये असली तर यंत्र फसते वा तुंबते.

जिवाणूंची मदत

नायट्रेटकडे वळू. पूर्वी नायट्रेट राळेवर पकडून, त्याचे चांदीचे नायट्रेट करून, जाळून नायट्रोजन मोजत. काम लांबलचक आणि पाणी लिटरच्या हिशेबात लागे. २००१-०२ च्या सुमारास अमेरिकेत सिगमन, कॅशिओटी आणि सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती रूढ केली. नायट्रेट खाऊन नायट्रोजन बाहेर टाकणारे जिवाणू मातीत असतातच; पण स्यूडोमोनासच्या काही जातींत शेवटच्या पायरीचे विकरच नसते, त्यामुळे त्यांची क्रिया नायट्रस ऑक्साइडवर येऊन थांबते. या जिवाणूंना नमुना पाजायचा, रात्रभरात तयार झालेला वायू हेलियमने झटकून बाहेर काढायचा, त्यातील पाणी व कार्बन डायऑक्साइड सापळ्यांत अडवायचे आणि उरलेला नायट्रस ऑक्साइड मोजायचा. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोहोंचे समस्थानिक एकाच वेळी मिळतात आणि नमुना पुरतो काही थेंबांचा. जिवाणू वाढवणे, निर्जंतुक ठेवणे, ते मेले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणे, हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे असते. म्हणून काही प्रयोगशाळा कॅडमियमने नायट्रेटचे नायट्राइट करून सोडियम अझाइडने वायू तयार करणारी रासायनिक पद्धत पसंत करतात. अझाइड अत्यंत विषारी असल्याने ते काम धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच करावे लागते.

निकाल हाती आल्यावर खरी कसोटी सुरू होते. ऑक्सिजनचे मूल्य पाहून नायट्रेटयुक्त खत आणि पावसातून आलेले नायट्रेट ओळखता येते, कारण त्या दोहोंत ऑक्सिजन-१८ पुष्कळ असते. पण आपल्याकडे वापर मुख्यतः युरियाचा. युरियाचे नायट्रेट मातीतले जिवाणूच करतात आणि त्यासाठी ऑक्सिजन घेतात तो मातीतल्याच पाण्याचा व हवेचा. शेणाच्या बाबतीतही हेच. तेव्हा युरिया की शेण, या वादात ऑक्सिजन साक्ष देत नाही, भिस्त नायट्रोजनवरच. आणि तेथे काळी माती घोळ घालते. ती अल्कधर्मी असल्याने वरून फेकलेल्या युरियातील बराच अमोनिया उडून जातो, व उरलेल्या युरियाचे मूल्यही चढते. त्यात भर म्हणजे भूजलात प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेट खाऊ लागतात, आणि उरलेले नायट्रेट आणखी जड होते. अशा वेळी नायट्रोजन व ऑक्सिजन यांची मूल्ये बरोबरीने चढत जातात. त्यावरून ही क्रिया ओळखता येते, हे नशीब.

म्हणून एकट्या समस्थानिकावर निवाडा देऊ नये. क्लोराइडचे प्रमाण, मैल्यातील जिवाणूंची चाचणी, विहिरीभोवतीच्या गोठ्या-शौचालयांचा नकाशा, आणि शक्य तर बोरॉनचे समस्थानिक यांची जोड द्यावी लागते. मूल्य दोन-तीन आले किंवा पंधरा-सोळा आले तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट. सात-आठ आले, तर ‘मिश्र’ एवढेच प्रामाणिकपणे लिहावे. अहवाल मागणाऱ्या अधिकाऱ्याला हा शब्द आवडत नाही.

प्रमाण कोणते?

कार्बनचे जगाने मानलेले प्रमाण अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याच्या पी डी नावाच्या खडकसंचातील बेलेम्नाइट या जीवाश्माचे होते. तो तुकडा कधीच संपला. आता व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पुरवलेल्या संगमरवराच्या चूर्णावरून ती मोजपट्टी चालते. पाण्याचे प्रमाण म्हणजे व्हिएन्नाच्याच नावाने ओळखले जाणारे सरासरी सागरजल, शून्य मूल्याचे. मोजपट्टीचे दुसरे टोक अंटार्क्टिकाच्या बर्फाचे, ऑक्सिजनसाठी उणे ५५.५. नायट्रोजनसाठी मात्र हवा हेच प्रमाण. ही द्रव्ये थोडी आणि महाग असल्याने प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःची कामचलाऊ प्रमाणे तयार करून बंद पिंपांत जपते आणि दर आठ-दहा नमुन्यांमागे एक प्रमाण धावते. निकालाच्या कागदावर प्रमाणांचे आकडे दिलेले नसतील तर तो कागद परत करावा.

जिल्ह्याभोवतीच्या आणखी काही कहाण्या

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचा दर्गा आहे. टेकडीवर सापडणाऱ्या गोल दगडांबद्दलची दंतकथा जुन्या इंग्रजी गॅझेटियरांतही आहे: दोन व्यापाऱ्यांनी साधूची थट्टा केली आणि त्यांच्या मालातले नारळ दगड झाले. भूशास्त्राच्या दृष्टीने त्या बेसाल्टमधील झिओलाइटच्या गुठळ्या. लाव्हा थंडावल्यानंतर त्याच्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्याने अशी खनिजे घडवली. झिओलाइटच्या नलिकांतील पाणी आजच्या बाष्पाशीही सहज अदलाबदल करते, त्यामुळे ते पुराव्याला कच्चे. पण अशा पोकळ्यांत कॅल्साइट असेल तर काम होते. कॅल्साइटवर निर्जल फॉस्फोरिक आम्ल टाकून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, ही मॅक्रिया यांची १९५० ची पद्धत आजही जशीच्या तशी वापरात आहे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याला लॅमेटा थरांत डायनोसॉरांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. प्रोसेनजित घोष, एस. के. भट्टाचार्य, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांतील कार्बनचे समस्थानिक मोजून २००३ मध्ये लिहिले, की या प्राण्यांचा आहार ‘सी-३’ गटातील वनस्पतींचा होता. पुढे २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात वंदना प्रसाद, साहनी आणि सहकाऱ्यांनी त्याच गावच्या जीवाश्मांत गवताचे सिलिकामय कण दाखवले आणि डायनोसॉर गवतही खात होते हे जगाला कळले. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही, कारण त्या काळचे गवत सी-३ गटातलेच धरले जाते. घोष यांनीच नंतर २००६ मध्ये अमेरिकेत असताना, जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांशी किती जोडले गेले यावरून प्राचीन तापमान मोजण्याच्या पद्धतीवरचा पायाभूत निबंध सहकाऱ्यांसह लिहिला. महाराष्ट्राच्या मातीशी या शास्त्राचा संबंध त्याहून जुना आहे. ठाण्याच्या सागाच्या वार्षिक वलयांतील ड्यूटेरियमवरून पावसाचा माग काढणारा रमेश, भट्टाचार्य आणि पंत यांचा निबंध ‘नेचर’मध्ये १९८९ साली आला होता.

सी-३ आणि सी-४ हा भेद आपल्या ताटातही आहे. गहू, तांदूळ, तूर, कपाशी, संत्री आणि हळद सी-३ गटातली; त्यांचे कार्बन मूल्य उणे २७ च्या आसपास. ज्वारी, मका आणि ऊस सी-४ गटातले. त्यांचे उणे १२-१३ च्या आसपास. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. तेव्हा भाकरी खाणाऱ्याचा आणि पोळी खाणाऱ्याचा केस कथिलाच्या पुडीत घातला तर वेगळा निघतो. ज्वारीचा कडबा खाणाऱ्या गाईचे आणि तुरीचे कुटार खाणाऱ्या गाईचे दूधही. रानातल्या मधात उसाची साखर मिसळली तर मधाचे मूल्य त्यातील प्रथिनाच्या मूल्यापासून दूर सरकते आणि भेसळ उघडी पडते. भेसळ करणाऱ्यांनी मग तांदळाचा पाक शोधला, कारण तांदूळ सी-३ गटातला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये भारतीय मधाबद्दल केलेला गाजलेला पर्दाफाश नेमका याच पळवाटेचा होता: समस्थानिकांच्या जुन्या चाचणीत उत्तीर्ण झालेले बरेच मध नव्या चाचणीत नापास झाले. समुद्रपूर तालुक्यातीलच वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाखाली दुसरीकडची हळद विकली जाते का, हे तपासायला स्थानिक पाण्याचा ऑक्सिजन आणि मातीतल्या स्ट्रॉन्शियमचा ठसा उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी आधी अस्सल हळदीच्या शेकडो नमुन्यांची नोंदवही हवी.

नमुना कसा घ्यावा

यंत्र काही कोटींचे असते आणि ते जिल्ह्याजिल्ह्यात असणार नाही. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशा ठिकाणी ही मापने होतात. नमुना घेण्याचे काम मात्र गावातच होते आणि बहुतेक चुका तेथेच होतात. महाविद्यालयातील शिक्षकांनी, पाणलोटावर काम करणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचे समस्थानिक मोजायचे असतील तर तीस मिलिलिटरची जाड प्लॅस्टिकची किंवा काचेची बाटली पुरते. ती त्याच पाण्याने तीनदा विसळून, पाण्याखाली धरून काठोकाठ भरावी. झाकणाखाली हवेचा बुडबुडाही राहू नये. त्या रिकाम्या जागेत बाष्पीभवन होते आणि बंधाऱ्याचा म्हणून वाटणारा ठसा प्रत्यक्षात बाटलीचा निघतो. उघड्या विहिरीचे वरचे साचलेले पाणी घेऊ नये. मोटर काही वेळ चालवून मग घ्यावे. पाऊस गोळा करायचा तर नरसाळ्याखालच्या कॅनमध्ये द्रवरूप पॅराफिनचा थर हवा. नायट्रेटसाठी वेगळी बाटली. पाणी जागीच अगदी बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून, बाटली थोडी रिकामी ठेवून, बर्फाच्या पेटीत घालावे व संध्याकाळपर्यंत उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये गोठवावे. नाहीतर मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत पडलेल्या बाटलीत जिवाणू आपला उद्योग सुरू करतात आणि प्रयोगशाळेत पोहोचते ते विहिरीचे नायट्रेट नव्हे. बाटलीवर तारीख, वेळ, विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि जवळचा गोठा वा शौचालय किती पावलांवर आहे, हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे.